पूजेचे पाटे

‘कारखान्यात तू नेमकं काय करायचास?’ असं कोणी विचारलं की मी सांगतो, ‘लोखंडाला मार द्यायचो.’ ऐकणाऱ्याला वाटतं मी लोहारकाम केलं. पण लोहार तापलेल्या लोखंडाला मारतो, त्याला आकार यावा म्हणून. आम्ही थंड लोखंडाला मारायचो, ते टिकावं म्हणून. आणि मारून झालं की ते आधीपेक्षा कुरूप दिसायचं. या कुरूपपणावरूनच पुढचं सगळं घडलं.

भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरजवळ हमरस्त्याला लागून आमची शेड होती. तिथे ट्रकच्या कमानी बनत. कमान म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचून बांधलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांची जुडी. त्या एकेका पट्टीला पाटा म्हणतात. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी पाट्याला कळतो, मग ड्रायव्हरच्या कंबरेला. सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आयटीआय करून मी तिथे लागलो आणि ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं तिथेच काढली. त्या सगळ्या वर्षांचा हिशेब इथे मांडत बसत नाही. मला एक दसरा सांगायचा आहे. पण त्यासाठी पाटा का तुटतो हे आधी सांगायला हवं.

लहानपणी हातानं तार तोडायची असली की आपण काय करायचो? इकडे वाकव, तिकडे वाकव. ओढून जी तार तुटत नाही ती अशी वाकवून वाकवून तुटते. लोखंड दमतं. पाट्याचंही तेच. एका मोठ्या ओझ्यानं तो सहसा तुटत नाही. खड्डा आला की वाकतो, गेला की सरळ होतो. हे रोज, न थांबता. मग एके दिवशी रिकामी गाडी सपाट रस्त्यावरून चाललेली असताना तो कट् करून जातो आणि ड्रायव्हर देवाला दोष देतो.

तडा सुरू होतो तो पृष्ठभागावर. पाट्याची खोलगट बाजू वर असते. वजन आलं की पाटा सरळ व्हायला बघतो आणि ही वरची बाजू ताणली जाते. तिथे एखादा बारीक ओरखडा असला तरी त्याचं तोंड प्रत्येक खड्ड्याला थोडं थोडं उघडत जातं. ते उघडू नये म्हणून माझं मशीन होतं. छर्ऱ्याचं मशीन. आत एक चाक भन्नाट फिरायचं आणि मोहरीएवढे पोलादी छर्रे त्या ताणाच्या बाजूवर गारपिटीसारखे फेकायचं. प्रत्येक छर्रा बारीकसा खळगा पाडायचा. खळगा पडला की तिथली कातडी आजूबाजूला पसरायला बघते, पण आतलं लोखंड तिला पसरू देत नाही. असे असंख्य खळगे पडले की वरची सगळी कातडी एकमेकींना रेटत गच्च दाबून बसते. साकोलीच्या बाजाराच्या दिवशीची एसटी आठवा. इतकी भरलेली असते की धक्का बसला तरी उभा माणूस पडत नाही, कारण पडायला जागाच नसते. तड्याचं तसंच होतं. त्याला तोंड उघडायला जागा मिळत नाही. पाटा तोच, पोलाद तेच, पण किती तरी जास्त चालतो.

आणि ही जादू फक्त वरच्या कातडीत. नखाएवढी जाड तेवढीच.

मार पुरेसा बसला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी आम्ही पातळ पोलादाची एक सपाट पट्टी ठोकळ्यावर स्क्रूंनी घट्ट बसवायचो आणि पाट्यांसोबत मशीनमधून काढायचो. मार एकाच बाजूला बसलेला. स्क्रू सोडले की पट्टी आपोआप वर उचलायची, धनुष्यासारखी. बाक जितका जास्त तितका मार जास्त. अशी एखादी बाकदार पट्टी माझ्या खिशात नेहमी असायची. आईनं ती कितीदा तरी धुण्यातून काढून दिली आहे.

आता थोडं माझ्याबद्दल. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील भंडाऱ्यात छोटा छापखाना चालवायचे. मोर्चा, सभा, निषेध, जाहीर आवाहन. बिघडलेली पत्रकं पाठकोरी म्हणून मला मिळायची. त्रैराशिकाची गणितं मी ‘कामगारांनो, जागे व्हा’च्या पाठीवर सोडवली आहेत. एवढ्या हाका पाठीशी घेऊन वाढलेला मुलगा कारखान्यात गप्प बसणं शक्यच नव्हतं. लागलो आणि थोड्याच दिवसांत युनियनचा चिटणीस झालो. शेडीत मला मधुकर म्हणून कोणी हाक मारत नसे. ‘ए पत्रक!’ हीच हाक.

भांडायला कारणं कमी नव्हती. मशीनच्या आवाजानं कान बसायचे. छर्रे बुटात, केसांत, डब्यातल्या भाजीतही सापडायचे. तोंडाला बांधायला फडकं आम्ही घरून आणायचो. झिजून टोकदार झालेले छर्रे बदला म्हटलं तर आमचे मालक शेठजी म्हणायचे, ‘अजून लागतात ना?’ टोकदार छर्रा पाट्याला दाबत नाही, ओरबाडतो. मी हे ओरडून सांगायचो. ते कानाला हात लावायचे, मशीनमुळे ऐकू येत नाही असं दाखवायला.

गिऱ्हाइकांच्या तर्‍हाही अशाच. एकानं नवा पाटा हातात घेऊन म्हटलं, ‘याले तं देवी आल्या गा! मी असा नाही नेत.’ खळग्यांनी भरलेला तो राखाडी पृष्ठभाग खरंच देवीच्या व्रणांसारखा दिसायचा. आसगावचा एक शेतकरी विळा घेऊन आला. ‘यालेही दोन हात मारून दे. तुह्या मशीननं लोखंड मरत नाही म्हनते.’ मी त्याला समजावलं की विळा दमून मरत नाही, झिजून मरतो, त्याला धार लागते, मार नाही. तो म्हणाला, ‘मंग तुहं मशीन कोन्या कामाचं?’ आणि गेला. लोकांना चकाकणारं लोखंड हवं असायचं. आमचं काम नेमकं उलटं होतं.

देवाजीकाका त्याच आसगावचा. वडिलांच्या वयाचा, घरी तळ्याखालची धानाची शेती, आणि शेडीत कडा मारायचं काम. म्हणजे पाट्यांचे खरखरीत काठ आणि भोकांची तोंडं एमरीच्या फिरत्या चाकावर साफ करायची. ते काम माझ्या मशीनच्या आधीचं. हात असा की चाकाच्या ठिणग्याही एका रेषेत उडायच्या. त्याच्या गावी दसऱ्याला विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ राखेनं आणि विटकरीनं घासून घासून लख्ख करतात आणि मग पूजेला मांडतात. देवापुढे गंजकं, काळं लोखंड ठेवणं म्हणजे पाहुण्यापुढे उष्टं ताट ठेवण्यासारखं.

त्या वर्षी दसऱ्याला मी वडिलांकडे भंडाऱ्याला होतो. कामावर परत आलो तेव्हा शेडीत झेंडूच्या माळा वाळत होत्या आणि देवाजीकाका माझी वाटच पाहत होता.

‘ये पत्रक, ये! पूजेले नव्हता ना तू? तुह्या त्या देवी आलेल्या पाट्याईले मी असं तोंड आनून देलं का पाहातच राहिला असता.’

‘कोणत्या पाट्यांना?’

‘अरे, रामाजीच्या गाडीच्या. दोन कमानी तयारच होत्या, बांधाच्या बाकी होत्या. त्याच मांडल्या देवापुढं. पन तसल्या राखुंड्या काय मांडाच्या? एकेक पाटा चाकावर घासला. आरसा बिलकुल! शेठजी म्हने, यात तं मले माहा चेहरा दिसून राहिला.’

‘कोणती बाजू घासली?’

‘वरची. देवाले जे दिसते थेच.’

‘आणि आता कुठे आहेत त्या?’

‘कुठं राहतीन? बांधल्या, आन् दसऱ्याच्याच दिवशी रामाजी घेऊन गेला. पूजेचा माल म्हनून हौसेनं नेला त्यानं.’

रामाजी हा साकोलीचा. स्वतःचा ट्रक स्वतःच चालवायचा. हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. आता त्याची गाडी गावोगावचं धान भरून राइस मिलला धावणार, आणि भरल्या पोत्यांवर माल चढवणाऱ्या बाया बसून येणार. सगळ्यात वरचा पाटा तुटला तर नुसती गाडी एका बाजूला बसत नाही. त्या पाट्यानंच चाकांचा आस जागेवर धरलेला असतो. तो सुटला की गाडी ओढेल तिकडे जाते.

देवाजीकाकाचा चेहरा कौतुकाच्या शब्दासाठी थांबलेला होता. मी सरळ शेठजींच्या खोलीत गेलो.

‘पाटे परत बोलवा,’ मी म्हणालो. ‘घासल्यामुळे मार खाल्लेली कातडी गेली. वर चाकाचे ओरखडे पडले असतील ते वेगळेच.’

‘तुटतील कधी?’

‘सांगता येत नाही. दिवाळीत, नाही तर शिमग्यात. कदाचित खूप चालतीलही.’

‘मग तुटले की बदलून देऊ.’ शेठजींनी पंखा वाढवला. ‘घासले कोणी?’

‘कारखान्यानं.’

‘कारखान्याला हात असतात का?’

‘असतात. पण छर्ऱ्याचं मशीन काय करतं, हे त्या हातांना कोणी कधी सांगितलं नाही.’

‘नाव सांग, मग पाहू.’

नाव मी सांगितलं नाही. बाहेर आलो तर गोष्ट शेडभर झाली होती. युनियनचीच माणसं मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘आता चूप बस. तुह्या पाट्यापायी म्हाताऱ्याची नोकरी जाईन.’ आणि मी आयुष्यभर वाचलेल्या एकाही पत्रकात या प्रसंगाला उत्तर नव्हतं. पत्रकात चूक नेहमी मालकाची असते आणि जीव नेहमी कामगाराचा जातो. इथे चूक कामगाराच्या भक्तीची होती, आणि पोत्यांवर बसणाऱ्या बायाही कामगारच होत्या.

जेवणाच्या सुट्टीत मी खिशातली पट्टी काढली आणि देवाजीकाकापुढे धरली.

‘काका, हिला जरा तोंड आणून द्या.’

‘आता कायची पूजा आहे?’

‘द्या तर.’

त्यानं चाक सुरू केलं. पट्टीची फुगीर, खळग्यांची बाजू हलक्या हातानं लावायची, पाण्यात बुडवायची, पुन्हा लावायची. माणसं डबे हातात घेऊन भोवती उभी राहिली. पट्टी उजळत गेली. थोड्या वेळानं काकानं ती पुसली आणि सवयीप्रमाणे डोळ्यासमोर आडवी धरली. मग खालच्या फरशीवर ठेवली. मघाशी जिच्याखालून काडी सरकली असती, ती आता जवळजवळ टेकली होती.

‘काऊन गा? इचा तं जोरच गेला.’

‘तो जोर त्या खळग्यांत होता. तुम्ही खळगे काढले, जोर निघून गेला.’

देवाजीकाकानं उजळलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

‘म्हंजे मी रामाजीच्या गाडीची कातडीच सोलली म्हन.’ मग त्यानं मान वर केली. आवाज चढला होता. ‘इतके वर्ष मी त्या मशीनच्या बाजूले बसून राहिलो. मले कोनी सांगतलं काऊन नाही?’

तो उठला, शेठजींच्या खोलीत गेला आणि म्हणाला, ‘मी घासले. आता साकोलीले चाल्लो, परत आनाले. येऊन भांडू.’ शेठजी काही बोलायच्या आत तो बाहेर आलेला होता. मीही निघालो.

साकोलीत रामाजीच्या अंगणात ट्रक उभा होता. बायकोनं पाट्यांना लावलेलं कुंकू अजून दिसत होतं. रामाजीनं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

‘बाकी काही मांगा, देवाजीभाऊ. देवापुढून उचललेली वस्तू कोनी वापस करते काय? घरात अपशकुन होईन. आन् गाडी कशी चालते, पाहा ना. पालखी चालल्यावानी.’

मी त्याला ताण, तडा, कातडी सगळं सांगितलं. पट्टी दाखवली. तो नम्रपणे ऐकत राहिला आणि तितक्याच नम्रपणे नाही म्हणत राहिला. माझा आवाज वाढला. तुमच्या श्रद्धेपायी दुसऱ्यांचे जीव जातील, वगैरे मी सभेत बोलावं तसं बोललो. रामाजीचा चेहरा बंद झाला.

देवाजीकाकानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

‘रामाजी, वापस नाही मांगत. दागिना सोनाराकडं उजळाले नेतो ना आपन? तोच दागिना घरी येते ना? तसं समज. माह्या हातून उलटं झालं, उजळाचं नव्हतं थे उजळलं. आता पुन्हा मशीनमंदी टाकतो. हेच पाटे, हेच कुंकवाचे, तुलेच आनून देतो. फक्त दिसतीन राखुंडे.’

‘हेच?’

‘हेच. एकेकाच्या टोकाले तुह्या नावाचा ठोका मारून देतो.’

दारात उभी असलेली रामाजीची बायको म्हणाली, ‘नेऊ द्या जी. पोत्यायवर माही बहीन बसते, देव नाही बसत. आन् माही नथ तुम्हीच उजळाले नेली होती ना? थे किती दिवसानं आनली, सांगू काय यांना?’

रामाजीनं कुंकवाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि चावी घेतली.

रिकाम्या गाडीनं आम्ही शहापूरला आलो. हमरस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्यावर ओळख असलेला रामाजी फाटकात ट्रक लावून उभा राहिल्यावर शेठजींना भांडण सुचलं नाही. ‘सुट्टीच्या वेळात करा,’ एवढंच म्हणाले. कमानी उतरवल्या, सोडल्या. आता पाहायचं होतं की तडा सुरू झालाय का. त्याची आमची साधी रीत होती. पाट्याला रॉकेल लावून मुरू द्यायचं, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसायचं आणि वर खडूची भुकटी टाकायची. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते.

एकेक पाटा पांढरा होत गेला. अख्खी शेड भोवती होती. मी वरच्या मुख्य पाट्यावर जवळजवळ नाक टेकवून बसलो होतो. भोकाजवळ पाहिलं, काठाला पाहिलं. रेघ नव्हती. कुठल्याच पाट्यावर रेघ नव्हती.

रामाजी खदखदा हसला. ‘पाहा! मी म्हनलो होतो ना, देवाचे पाटे आहेत म्हनून!’

माणसंही हसली. मी पुन्हा रॉकेलचा डबा ओढला आणि म्हणालो, ‘परत एकदा लावू.’

देवाजीकाका माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. तो हळूच, फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

‘काऊन गा मधू? तुले तडा पाहिजे होता काय?’

त्यानं मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. मी डबा खाली ठेवला.

पाटे पुन्हा मशीनमधून काढले. देवाजीकाकानं स्वतः आत सरकवले आणि चाकाचा आवाज सुरू झाल्यावर कानावर हात न ठेवता उभा राहिला. रामाजी तेच पाटे, त्याच्या नावाचा ठोका असलेले, राखाडी झालेले, घेऊन गेला. त्याची गाडी पुढे कित्येक हंगाम धान वाहत होती. आमच्यामुळे की देवामुळे, हे त्याच्यापुढे मी आजही सिद्ध करू शकत नाही. आमच्या धंद्याची हीच अडचण आहे. न तुटलेल्या पाट्याची बातमी होत नाही, न मेलेल्या माणसाची शोकसभा होत नाही. आमचं सगळं यश म्हणजे न घडलेल्या गोष्टी.

त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. वडिलांनी छपाईचे खिळे जुळवता जुळवता विचारलं, ‘यात कोणाचा धिक्कार नाही का?’ होता, एका ओळीत, ज्यांनी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही त्यांचा. बाकी सगळं पाटा का तुटतो, मशीन काय करतं आणि कुठल्या बाजूला चाक का लावायचं नाही, एवढंच होतं. शेठजींनी ते वाचलं आणि भिंतीवरून काढलं नाही. देवाजीकाकाची नोकरी राहिली. कानाला लावायला काही द्या, तोंडाला नीट फडकं द्या, ही आमची मागणी मात्र मी तिथून निघालो तरी तशीच होती. देवाजीकाकाला शेवटी शेवटी उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं. त्याच बाजूला माझं मशीन होतं. न तुटणाऱ्या पाट्यांचा अभिमान वाटतो तेव्हा मला तो कान आठवतो.

पुढच्या दसऱ्याला मी भंडाऱ्याला गेलो नाही. पूजा मांडायला नेहमीप्रमाणे देवाजीकाकाच पुढे होता. त्यानं मशीनमधून निघालेले पाटे होते तसे, राखाडी, देवीच्या व्रणांसकट आणून रचले. फडकंसुद्धा हळू फिरवलं. कोणीतरी टोमणा मारला, ‘काय काका, औंदा देवापुढं असेच कायेकुट्ट?’

‘देवाले समजते,’ तो म्हणाला. ‘मले समजाले टाइम लागला.’

मग त्यानं हात पुढे केला आणि माझ्या खिशातली नवी पट्टी मागितली. ती सगळ्यात वर ठेवली, तिच्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं आणि खाली वाकून, डोळा बारीक करून तिच्याखालची फट पाहिली. बाक शाबूत होता. त्यानं मान हलवली आणि उदबत्ती लावली.